वर्ष झाले, आईला नेले नाही



२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली खोली सोडून इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या गावी आलो. आम्ही म्हणजे नवरा, बायको, आठ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा. मुलांची आई नर्स आहे. चौदा वर्षे तिने मुंबईत रात्रपाळ्या केल्या. मुलांचे बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वर्ष झाल्यावर ओळखीपाळखीचे विचारू लागले की कसे आहे, आपल्या मुलामुलींना पाठवावे का? फोनवर एकेकाला सांगून पुरे पडेना, म्हणून दोघांनी मिळून हे लिहायला घेतले. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने खोडायचे, असे तीन रविवार चालले आहे.

आधी कामाचे सांगतो. नर्सला इथे यायचे तर आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत एकूण सात बँड आणि लेखनात साडेसहा लागतात. मुलांच्या आईला लेखनासाठी ती दोनदा द्यावी लागली. मग संगणकावरची एक परीक्षा भारतात, आणि इथे आल्यावर ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. तीत दहा टप्पे असतात. ती पास झाल्यावरच नर्सिंग कौन्सिलचा नंबर मिळतो, तोपर्यंत नर्स म्हणून औषधे द्यायला परवानगी नाही. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. नोकरी लावून देण्याबद्दल नर्सकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा इथल्या सरकारचा भरती करणाऱ्यांसाठी नियम आहे. जो मागतो त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या उतरा. आणि वस्त्यांतून 'केअर व्हिसा' विकणारे फिरत असतील तर त्यांना सांगा, की केअर वर्करला कुटुंब नेण्याची सोय ११ मार्च २०२४ पासून बंद झाली आणि परदेशातून नवे केअर वर्कर घेणेच २२ जुलै २०२५ पासून बंद झाले. नर्सची वाट निराळी आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि दागिने मोडून बसतात.

दागिने आम्हीही मोडले. नर्सचा व्हिसा आणि विमानभाडे कामाच्या ठिकाणाने दिले, पण बाकी तिघांची तिकिटे, व्हिसा, गरम कपडे, घराची अनामत आणि पहिले भाडे मिळून साडेपाच लाख लागले. त्यातले चार पतपेढीचे, उरलेले आईच्या पाटल्यांचे. आई म्हणजे मुलांची आजी. पाटल्या काढताना ती म्हणाली, "हातात जड होतात आता." सगळ्यांचा सल्ला होता की आधी एकीने जावे, सहा महिन्यांनी बाकीच्यांनी. त्यात निघायच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, इथल्या बऱ्याच शहरांत परदेशी लोकांविरुद्ध दंगली झाल्या होत्या. टीव्हीवर जळत्या गाड्या पाहून नातेवाईक फोन करत होते. आम्ही हट्टाने एकत्रच आलो. बरोबर केले की चूक, यावर अजून आमच्यात एकमत नाही.

एकत्र आल्यामुळे घराची पंचाईत झाली. पगाराच्या पावत्या दाखवल्याशिवाय कोणी घर देईना. शेवटी एका भारतीय कुटुंबाने आपल्या घरातली वरची खोली दिली, स्वयंपाकघर सामायिक. माणसे गोड होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलांना खिचडी दिली. मग पेट्या उघडल्यावर आम्ही कपाटावर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली. घरमालकीण काही कामासाठी वर आली, तिने पाहिले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाव कोणते, आडनाव कोणते, हे प्रश्न निघाले. तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी निराळा तवा, निराळे पातेले आणि ओट्यावरची निराळी जागा आली. 'स्वच्छतेसाठी' असे सांगितले. थोरलीने विचारले, "आपली भांडी खाली ट्रॉलीत का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कन्नमवार नगरात वाढलेल्या पोरीला हा प्रश्न कधी पडला नव्हता, तो सात हजार किलोमीटरवर येऊन पडला.

इथल्या समतेच्या कायद्यात रंग आहे, वंश आहे, धर्म आहे. जात हा शब्द घालण्याचे पार्लमेंटने २०१३ साली ठरवले होते, पण २०१८ साली सरकारने तसे करणार नसल्याचे जाहीर केले. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते आणि असते तरी काय केले असते? खिशात दोन आठवड्यांचे पैसे होते. भांडण न करता आम्ही ट्रॉलीतल्या भांड्यांत सहा आठवडे स्वयंपाक केला. मुलांचे बाबा म्हणतात हे छापू नये. मुलांची आई म्हणते छापावे. छापले आहे.

सुटका झाली ती डडली रोडवरच्या किराणा दुकानात. ज्वारीचे पीठ मिळते का ते पाहायला गेलो होतो. पैसे द्यायला मोबाइल काढला, त्यावर बाबासाहेबांचा फोटो होता. मागे रांगेत उभी असलेली सलवार-कमीजमधली एक म्हातारी बाई पुढे झाली, फोटोला हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, "जैभीम जी!" आम्ही गडबडलो. पंजाबी बाई आणि जयभीम? तिनेच मग खुलासा केला. तिचे सासरे जालंधरकडचे, १९६० च्या आसपास इथल्या लोखंडाच्या ओतशाळेत कामाला आलेले. बाबासाहेब १९५१ साली जालंधरला आले होते, तेव्हा सासरे सभेला गेले होते आणि ती गोष्ट मरेपर्यंत सांगत होते. आम्ही तिला बीजी म्हणतो, तिची मुले म्हणतात तसे.

आपण महाराष्ट्रातले लोक बाबासाहेबांना जणू मराठीतच बसवून ठेवतो. जयंती आपली, गाणी आपली, चैत्यभूमी आपल्या दादरला. वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे हे आम्हाला मुंबईत कोणी सांगितले नव्हते. या भागातले आंबेडकरी लोक बहुतेक पंजाबी आहेत. काही बौद्ध, काही रविदासिया. त्यांच्या बापजाद्यांनी भट्टीपुढे उभे राहून या वस्त्या वसवल्या. त्या वेळी इथला खासदार इनॉक पॉवेल होता, ज्याने १९६८ साली बर्मिंगहॅमला भाषण करून परक्यांना थारा देऊ नका असे सांगितले. त्याच गावात आम्ही २०२५ च्या १४ एप्रिलला पंजाबी उच्चारातले त्रिशरण म्हटले आणि दाल-रोटी खाल्ली. मुलांच्या आईला एक भीमगीत म्हणायला लावले. कोणाला शब्द कळले नाहीत, पण ठेका सगळ्यांना कळला. बीजी टाळ्या वाजवत होती, चुकीच्या ठिकाणी.

घरही बीजीच्याच ओळखीने मिळाले. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे हातभर अंगण, भाडे महिना साडेआठशे पौंड. वीज-गॅसचे मीटर मोबाइलसारखे आधी पैसे भरून चालते. पहिल्या जानेवारीत रात्री अकराला गॅस संपला आणि आम्ही चौघे एका गादीवर निजलो. थंडीपेक्षा अंधाराचा त्रास जास्त. डिसेंबरात दुपारी चारला दिवस संपतो. कामावर जाताना काळोख, येताना काळोख. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊलाही उजेड, आणि धाकटा म्हणतो, "अजून रात्र झाली नाही, मी झोपणार नाही."

शेजारी एक इंग्रज म्हातारा एकटा राहतो. कोणत्या आठवड्यात कोणता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा हे आम्हाला तीन महिने कळले नाही. तो न बोलता आमचा डबा आपल्या डब्याबरोबर नेऊन ठेवायचा. एकदा मुलांच्या आईने वाटीभर गूळपोळीचा चुरा दिला. त्याने वाटी परत दिली तेव्हा तीत अंडी होती. वाटी रिकामी परत करू नये हे त्याला कोणी शिकवले कोण जाणे.

मुलांची आई ऑस्कीत पहिल्यांदा नापास झाली. चौदा वर्षे इंजेक्शने दिलेली बाई, आणि नापास कशात, तर औषध देण्याआधी पेशंटला ॲलर्जी विचारायची राहिली. तिच्या हाताला सगळे येत होते. आपल्याकडे कागद पाहून सरळ औषध देतात, एका नर्सवर चाळीस पेशंट असतात, तिथे बोलायला सवड कुणाला? इथे प्रत्येक पायरीला पेशंटला विचारायचे, सांगायचे, परवानगी घ्यायची. घरी येऊन ती दोन दिवस बोलली नाही. मग रोज रात्री मुलांचे बाबा पलंगावर पेशंट होऊन पडू लागले. थोरली परीक्षक. "आई, तू हात धुतल्याचं म्हणाली नाहीस, एक मार्क कट." दुसऱ्या वेळी पास झाली. आता वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाया तिला इकडच्या बोलीत 'बॅब' म्हणतात, म्हणजे बाळ. ती म्हणते, चाळिशीला आले आणि बाळ झाले.

मुलांच्या बाबांचे मात्र उलटे झाले. स्टोअरकीपर म्हणून ज्यांच्या सहीशिवाय एक बोल्ट बाहेर जात नव्हता, ते इथे गोदामात रात्री खोकी उचलतात. कायद्याने ठरलेला किमान दर २०२५ च्या एप्रिलपासून ताशी १२ पौंड २१ पेन्स होता, तेवढाच मिळत होता. काम एजन्सीमार्फत, कधी चार रात्री, कधी एक. 'आज येऊ नका' असा निरोप संध्याकाळी सहाला येतो. सकाळी घरी आले की मुलांना उठवणे, डबा, शाळा, मग झोप. धाकट्याच्या वर्गात जेवण शाळेतच फुकट असते, थोरलीला डबा न्यावा लागतो. शाळांत जागा नसल्याने सुरुवातीचे चार महिने दोघे दोन वेगळ्या शाळांत होते, आणि एकाला सोडून दुसरीकडे पळत जावे लागे. शाळेच्या फाटकाशी उभ्या बायांनी पहिल्या महिन्यात विचारले, "बायको कामाला जाते वाटते?" त्यात वाईट काही नव्हते. तरी त्या रात्री ते जेवले नाहीत. वर्षभराने सांगायचे तर आता ते भाकरी आमच्या दोघांत चांगली करतात, आणि हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिले आहे. भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने इथे गाडी चालवता येते. आमचे बारा महिने गाडीवाचूनच संपले. आता शिकाऊ लायसन्स काढून पहिल्यापासून परीक्षा.

ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन लंडनला गेलो, १० किंग हेन्रीज रोड बघायला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना त्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले. चॉक फार्म स्टेशनवर उतरून चालत गेलो. दारावरची पाटी पाहून मुलांचे बाबा रस्त्यातच बूट काढू लागले. धाकट्याला नेमकी लघवी लागली होती, त्यामुळे व्हावे तसे दर्शन झाले नाही. बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी राहून, रात्री पापड भाजून खाऊन अभ्यास करीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परतीच्या गाडीत थोरली म्हणाली, "मग रमाई कुठे होती?" परळच्या चाळीत होती, असे सांगितले. "मग ती का नाही आली?" यावर आम्ही तिला बिस्किटाचा पुडा दिला.

कारण तो प्रश्न आमचाच होता. आता आईचे सांगतो, जे सांगायला वर्ष लागले.

निघताना आईला आम्ही म्हणालो होतो, "आधी आम्ही जातो, वर्षाने तुला नेतो." हे खोटे होते आणि म्हणताना ते खोटे असल्याचे आम्हाला ठाऊक होते. व्हिसाच्या अर्जात 'अवलंबून असलेले' म्हणून नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांखालची मुले, एवढ्यांनाच जागा आहे. आईबापांना नाही. पुढे आम्ही इथे कायमचे झालो तरीसुद्धा, २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे, म्हाताऱ्या माणसाला रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा हात लागतो आणि तो हात त्याच्या देशात पैसे देऊनही मिळत नाही, असे सिद्ध करावे लागते. भारतात पैसे देऊन माणूस मिळत नाही, हे कोण मानणार? आणि कायमचे होणेही लांबले आहे. आम्ही निघालो तेव्हा पाच वर्षे सांगत होते, २०२५ साली सरकारने ती दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. हा अर्ज आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आईच्या समोर, तिच्याच खोलीत बसून भरला. ती चहा आणून ठेवत होती.

जूनमध्ये आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. रजा मिळत होती. तिकिटाचे साठ हजार नव्हते, कारण पतपेढीचा हप्ता होता. असे आम्ही सगळ्यांना सांगितले, आणि ते खरेही आहे. पण त्याच महिन्यात आम्ही जुना सोफा घेतला, हेही खरे आहे. आईला दवाखान्यात शेजारच्या काकूंनी नेले, डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घातले त्यांच्या सुनेने. त्या दिवशी मुलांच्या आईची बारा तासांची पाळी होती. वॉर्डात एका ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोळ्यांत तिने थेंब घातले. बाई म्हणाली, "तुझा हात किती हलका आहे, बॅब." ती औषधाच्या खोलीत जाऊन रडली, मग हात धुतले, आणि धुतल्याचे स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. सवय.

पट्टी निघाल्यावर पुढच्या रविवारी आईचा फोन आला. "आता स्वच्छ दिसतंय. पासपोर्ट काढायला टाकू का? फोटो काढून ठेवलेत." तेव्हा सांगावेच लागले. मुलांच्या बाबांनी सांगितले, अडखळत, नियम, साल, फॉर्म, सगळे. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "आठ काढलेत. त्या आठ फोटोंचं काय करू?" आणि फोन ठेवला.

पुढचा आठवडा आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. नंतरच्या रविवारी ठरल्या वेळेला फोन लागला, आणि आई रेशनच्या दुकानातल्या भांडणाबद्दल बोलत राहिली. त्या विषयावर एक शब्द नाही. रागावली का, विचारले. "रागावून कुठं जाऊ?" म्हणाली. नंतर काकूंकडून कळले, की गेल्या वर्षी अर्ज भरताना तिने रकाने मोजले होते. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण नावे चार आहेत हे दिसत होते.

मुलांचे मराठी हा आणखी एक घोर. धाकटा आजीशी "आय ॲम फाइन" एवढेच बोलतो. रविवारी मराठीचा तास ठेवला, तो तीन रविवार टिकला. टिकले ते वेगळेच. ऑपरेशननंतर आईला महिनाभर वाचायला मनाई होती आणि हे साप्ताहिक तर ती सोडत नाही. मग काकूंचा नातू पानांचे फोटो पाठवू लागला आणि थोरली इथून फोनवर आजीला वाचून दाखवू लागली. अग्रलेखाला अडखळते. निधनवार्ता झरझर वाचते. आजी मध्येच थांबवून सांगते हा कोण, तो कुणाचा जावई. मनाई संपून कधीचे झाले, पण आजी म्हणते अजून अक्षर धूसर दिसते. डॉक्टर म्हणतात नंबर उत्तम आहे. हा लेख छापला तर तो थोरलीच तिला वाचून दाखवील, म्हणून त्यात काय लिहायचे यावर तिसरा रविवार गेला.

आता पाहुणी म्हणून सहा महिन्यांपर्यंत येण्याचा व्हिसा मिळू शकतो. मिळेलच असे नाही. परत जाणार हे पटवावे लागते. त्यासाठी पैसे वेगळे ठेवतो आहोत, सोफ्यानंतर काही घेतलेले नाही. आईने पासपोर्टचा अर्ज आमच्या न सांगता भरला, आठांतले फोटो वापरून. चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यांनी विचारले, कुठे जाणार? "नातवंडांकडं, आणि परत येणार," असे तिने सांगितले. थंडीत येणार नाही, ही तिची अट आहे. दुसरी अट, स्वतःचा तवा आणणार. ट्रॉलीची गोष्ट आम्ही तिला कधी सांगितली नव्हती. थोरलीने सांगितली असावी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात. आम्ही नेहमीप्रमाणे सकाळी दहाला फोन केला. तिकडे अडीचऐवजी साडेतीन वाजले होते. गेल्या वर्षीही हेच झाले होते आणि याही वर्षी आम्ही विसरलो. आई म्हणाली, "तासभर फोन हातात घेऊन बसलेय. कुठं होता?" थोरलीने फोन घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.